आमच्या वाट्याचे दोन सड

माझं माहेर नारायण पेठेतलं. दूध पिशवीतून येतं, यापलीकडे त्याची चौकशी आमच्या घरात कुणी केली नव्हती. लग्न होऊन हडपसरला आले तेव्हा सासरच्या दोन एकरांच्या तिन्ही बाजूंना इमारती उठल्या होत्या आणि मधोमध आमचा गोठा होता. सात गीर गाई, थोड्या शेळ्या, अंगणभर गावरान कोंबड्या. इमारतीतले लोक शेणाच्या वासाबद्दल सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार करायचे आणि खाली उतरून आमच्याकडूनच दूध न्यायचे.

गोठा सासूबाईंचा. चारा आपल्याच रानातला, दिवसा जनावरं मोकळी, आणि पान्हा सोडायला गाईला सुई टोचायची नाही, ही त्यांची रीत. त्याहून कडक रीत म्हणजे गाईच्या चार सडांपैकी उजवे दोन वासराचे आणि डावे दोन आपले. वासरू उजवीकडून लुचायचं, सासूबाई डावीकडे बादली घेऊन बसायच्या. वासराचं पोट भरून उजवीकडे दूध उरलं, तरी त्या तिकडे हात नेत नसत. मला सुरुवातीला हा भाबडेपणा वाटला. मग आवडायला लागला. आणि खरं सांगायचं तर, त्यानंतर तो विकण्यासारखा वाटायला लागला.

फाटकावरची पाटी मी लिहिली. ‘एकही इंजेक्शन नाही. एकही औषध नाही. वासराचा वाटा वासराला.’ माझं अक्षर चांगलं आहे. पाटीचा फोटो माहेरच्या ओळखीत फिरला आणि नवरा रोज सकाळी काचेच्या बाटल्या घेऊन मोटारसायकलवरून पेठेत जाऊ लागला. माहेरच्या शेजारचे एक निवृत्त शिक्षक आमचे पहिले गिऱ्हाईक. त्यांनी पहिली बाटली उजेडात धरून नवऱ्याला सांगितलं होतं, “लिहिणं सोपं असतं. किती दिवस निभावतंय, ते बघू.” त्याने ते घरी येऊन हसत सांगितलं. मला मात्र ते चांगलंच झोंबलं. असं बोलणाऱ्या माणसांतच मी वाढले आहे. ती विसरत नाहीत, हे मला माहीत होतं.

मागच्या हिवाळ्यात नणंदेच्या बाळंतपणासाठी सासूबाई दहा दिवस सासवडला गेल्या आणि गोठा माझ्यावर सोपवून गेल्या. चौथ्या दिवशी तांबड्या गाईची धार काढताना डावीकडच्या दुधात गाठी आल्या. कास एका बाजूने गरम लागत होती. आमच्याकडे याला दगडी म्हणतात, कारण कास खरोखरच दगडासारखी घट्ट होत जाते. नवरा म्हणाला, डॉक्टरांना बोलवू. मी म्हणाले, उद्यापर्यंत बघू.

डॉक्टर आले की इंजेक्शन देणार, हे मला ठाऊक होतं. मग ती बरी झाल्यावरही तिचं दूध काही दिवस ओतून द्यायचं, बाटल्या कमी पडणार, आणि का कमी पडल्या ते पेठेत सांगावं लागणार. मी कोरफडीचा गर, हळद आणि चुना वाटून कासेला लेप लावला. दिवसातून अनेकदा लावला, अगदी मन लावून. हा लेप खोटा नाही, सासूबाईही तो लावतात. पण त्या पहिल्या दिवशी लावतात आणि संध्याकाळपर्यंत उतार पडला नाही तर डॉक्टरांना फोन करतात. मी तीन दिवस लेपच लावत राहिले. तिसऱ्या दिवशी सासूबाईंचा फोन आला. सगळ्यात आधी त्यांनी तांबडीचं विचारलं. मी म्हणाले, बरी आहे.

दुखण्याच्या चौथ्या दिवशी ती उठेना. चाऱ्याला तोंड लावेना. डॉक्टर आले, कासेला हात लावला आणि माझ्याकडे न बघता विचारलं की इतके दिवस काय करत होतात. मी पाटीबद्दल सांगू शकले नाही. लेप लावत होते, एवढंच म्हणाले. इंजेक्शनं झाली, गाय वाचली, पण डावे दोन्ही सड कायमचे गेले. त्यांतून आता कधीच दूध येणार नव्हतं.

सासूबाई आल्या त्या थेट गोठ्यात. बराच वेळ गाईच्या अंगावरून हात फिरवत राहिल्या. मी सगळं सांगितलं, फोनवरचं खोटंही. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“आजारी जनावराला औषध नको, असं मी कवा म्हणले?” त्यांनी विचारलं. “सुई नको म्हणले ती आपल्या हावंपायी टोचायची. ही तर तिच्या जिवासाठी व्हती.”

उजवे दोन सड धड होते. नवऱ्याने चाचरत सुचवलं की वासरू आता चारा खायला लागलं आहे, तर निदान एक सड आपण घ्यावा. सासूबाई उठल्या, लुगड्याला हात पुसले.

“आपल्या वाट्याचं आपण घालवलं,” त्या म्हणाल्या. “त्याच्या वाट्याला हात लावायचा न्हाई. आन् गाय कुठं जायची न्हाई. हितंच राहील.”

त्याच दुपारी मी पाटी उतरवली. दुसऱ्या दिवशी नवऱ्याबरोबर पेठेत गेले आणि दारोदार जाऊन झालं ते सांगितलं. काहींनी बाटल्या बंद केल्या. शिक्षकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “गाय आहे ना?” आहे म्हटल्यावर त्यांनी रिकामी बाटली पुढे केली आणि दार लावून घेतलं. ते अजून दूध घेतात. का घेतात, ते मी विचारलेलं नाही.

 सासूबाईंनी तांबडीचं सगळं माझ्याकडे दिलं. रोज सकाळी मी वासरू सोडते, ते उजवीकडे जाऊन लुचायला लागतं. मग कोमट पाणी घेऊन मी डावीकडे बसते, आणि धार काढायची आहे असं समजून ती सवयीने पाय मागे घेते, मला जागा करून देते. मी ते दोन सड धुते, पुसते आणि उठते.