सापसुरळीचा उपास

माझी विहीण आणि मी, आम्ही दोघींनी एक नात निम्मी निम्मी वाटून घेतली होती. ऑक्टोबर ते मार्च तिची, एप्रिल ते सप्टेंबर माझी. व्हिसाच्या आणि तिकिटांच्या सोयीने तसं ठरलं, असं मुलगा सांगायचा. खरं ठरवलं ते सूनबाईंनी. "माझ्या आईला दमा आहे, तिला थंडी सोसत नाही," असं ती एकदा म्हणाली आणि विषय संपला. न्यूझीलंडमध्ये ऋतू उलटे. त्यामुळे विहीणबाईंच्या वाट्याला समुद्र, स्ट्रॉबेऱ्या आणि नऊ वाजेपर्यंतचा उजेड आला, आणि माझ्या वाट्याला टाकानिनी नावाच्या उपनगरातल्या नव्या घराच्या गारठलेल्या भिंती. नात आम्हाला 'समर आजी' आणि 'विंटर आजी' म्हणायची. ऐकणारे हसायचे, मीही हसायचे, पण पोटात दुखायचं. सवतीमत्सराला सवतच लागते असं थोडंच आहे?

दोन हजार सात साली मी गेले तेव्हा नात नऊ वर्षांची होती. जेवणाच्या टेबलाशेजारी एक काचेची पेटी आणि वर दिवा. सरडा पाळलाय, असं मला फोनवर सांगितलं होतं. सरडा कसला, सापसुरळी होती ती! हातभर लांब, मनगटाएवढी जाड, पाय नुसते नावाला. तिने माझ्याकडे बघून शाईत बुडवल्यासारखी निळी जीभ बाहेर काढली आणि मी "साप! साप!" म्हणून खुर्चीवर चढले.

"आजी, देअर आर नो स्नेक्स इन न्यूझीलंड," नात म्हणाली. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीतच यायचं. "समर आजी डिडन्ट स्क्रीम."

म्हणजे पहिल्या दिवशीच मी एका गुणाने मागे पडले.

नात त्या प्राण्याबद्दल बोलताना 'ही' म्हणायची. 'ही लव्ह्ज बनाना', 'ही इज स्लीपी'. मराठीत 'ही' म्हणजे बाईच. मी आपली दोन आठवडे "ये गं बाई, खा गं बाई" करत होते, तेव्हा कळलं की बाईसाहेब नर आहेत. नात पोट धरून हसली. मला बरं वाटलं, तेवढ्यात तिने ती गंमत विहीणबाईंना ईमेलने कळवली.

मे महिना लागला आणि त्या मेल्याने खाणं सोडलं. केळं ठेवलं, ढुंकून बघितलं नाही. भोपळा उकडून ठेवला, तसाच पडून राहिला. नात रोज शाळेतून आली की आधी वाटी बघायची, मग माझ्याकडे. "ही ऑलवेज एट फॉर समर आजी." तिच्या मनात काही वाकडं नसेल, पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आमच्या घरात जो जेवत नाही तो रुसलेला असतो, एवढंच मला ठाऊक. सासरे रुसले की भात परत पाठवायचे, नवरा रुसला की "आज पोट जड आहे" म्हणायचा. रुसलेल्याची समजूत काढायची, तीनदा विचारायचं, चौथ्यांदा तो पानावर येतो. मी या सापसुरळीचीही मनधरणी केली. अंड्याला कधी न शिवलेली बाई मी, पण अंडं उकडून त्याच्यापुढे कुस्करलं. पावसात मुलाच्या जँडल्स, म्हणजे सपाता, पायात अडकवून मागच्या अंगणात गोगलगाई वेचल्या. तासन्‌तास पेटीपाशी खुर्ची टाकून बसले. तो डोळे मिटून फरशीच्या तुकड्याखाली.

शेवटी मान खाली घालून विहीणबाईंना फोन केला. "अहो, तुम्ही कसं भरवत होतात?"

"कसं म्हणजे? नुसता हात पुढे केला की मटामटा खायचा हो! जीव लावावा लागतो मुक्या जनावराला."

मी फोन आपटला नाही, याचं श्रेय माझ्या संस्कारांना.

मग मुलाने आम्हाला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते मूळचे ऑस्ट्रेलियाचे, तिथे लोक घरात साप पाळतात. ते म्हणाले, यात काळजीचं काही नाही. चांगला धडधाकट सापही कित्येक महिने खाण्याला तोंड लावत नाही. थंडी आली म्हणून, कात टाकायची वेळ आली म्हणून, जोडीदार हवासा झाला म्हणून, घर बदललं म्हणून, नाहीतर कुणीतरी सारखं टक लावून बघतं म्हणून. हे शेवटचं ऐकून नात माझ्याकडे वळली. याचंही तसंच, दिवा असला तरी हिवाळा त्याला कळतो. दर रविवारी वजन करा, ते टिकून असलं तर झालं. आग्रह करू नका. फारच वाटलं तर खाणं ठेवा, पेटीवर कापड टाका आणि पाठ फिरवा. नातीने सगळं वहीत लिहून घेतलं.

"कधी खाईल मग?" मी विचारलं.

"साधारण ऑक्टोबरात," मुलाने सांगितलं.

ऑक्टोबरात! म्हणजे मी गोगलगाई वेचायच्या, आणि मी विमानात बसले की याला भूक लागायची. त्या प्राण्याचा काही दोष नव्हता, हे मला कळत होतं. दोष असता तर बरं झालं असतं.

त्यानंतरच्या रविवारी मी चकोल्या केल्या होत्या. जेवायच्या आधी वेबकॅमवर विहीणबाई आल्या, तिकडे सकाळचे सात. नातीने कॅमेराच पेटीसमोर नेऊन धरला. "ही'ज वेटिंग फॉर यू, समर आजी!"

"माझ्याच हाताची सवय ना त्याला," पडद्यातून आवाज आला.

मी ताट सरकवलं. "मला भूक नाही."

आमच्याकडे या वाक्याचा भुकेशी काही संबंध नसतो. ते हाक मारणं असतं. पण मुलगा म्हणाला, "बरं, नंतर खा." सून म्हणाली, "अहो आई, अॅसिडिटी झाली का?" मी खोलीत जाऊन पलंगावर बसले. बाहेर चमचे वाजत होते. तिघेही चवीने जेवत होते, आणि मला कडकडून भूक लागली होती.

अर्ध्या तासाने नात आली, दोन्ही हातांत बाथरूममधला वजनकाटा आणि काखेत ती वही. "आजी, स्टँड ऑन इट."

उभी राहिले. त्रेसष्ट. तिने लिहिलं. जीभ काढायला लावली, ती नीट बघितली. "यू आर हेल्दी," ती म्हणाली. मग खिडकीचा पडदा ओढून घेतला आणि गेली. एकदाही 'चल ना' म्हणाली नाही. मला रडूच आलं.

पुन्हा आली ती झाकण ठेवलेलं ताट घेऊन. टेबलावर ठेवलं, माझ्याकडे न बघता. "आय वोन्ट लुक," म्हणाली आणि दार अर्धवट लोटून बाहेर गालिच्यावर बसली, माझ्याकडे पाठ करून. फटीतून तिची वेणी आणि एक खांदा दिसत होता. टीव्हीवर तिचा कार्यक्रम लागला, आईने हाक मारली, तरी ती हलली नाही. "शी'ज नॉट डन," एवढंच ती हळू आवाजात म्हणाली.

चकोल्या गार झाल्या होत्या, वरचं तूप थिजलं होतं. मी बोटांनी निपटून सगळ्या खाल्ल्या, चमचा वाजू दिला नाही.

"ऑल गॉन, आजी?" बाहेरून विचारलं. अजूनही पाठच होती.

रिकामं ताट मांडीवर घेऊन मी म्हणाले, "अजून नाही."