जोड्या लावणारे आप्पा

सकाळच्या पाळीचे कामगार यायला लागले की पायगोंडा आप्पा गेटाशी उभे राहत आणि येणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघत. कोण पाय ओढतंय, कोण उगाच भरभर चालतंय, हे पाहून झालं की हातातल्या कागदावरची दोन-चार नावं इकडची तिकडे करत. मला तो प्रकार सुरुवातीला अगदी वेडगळ वाटायचा. बोटाचा ठसा घेणारं हजेरीचं यंत्र नुकतंच बसवलं होतं आणि त्याचं मला भारी कौतुक होतं.

सीमाभागातल्या मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत आमचा पंपांचे सुटे भाग करणारा कारखाना. आप्पा तिथे हजेरी-पाळ्या बघणाऱ्या टाइम ऑफिसात तीस वर्षं होते. निपाणीकडच्या जैन शेतकरी घरातले, जवळच्या वडगावात भाड्याने राहणारे, एकाच वाक्यात मराठी-कानडी दोन्ही वापरणारे. मी पुण्याहून मनुष्यबळ व्यवस्थापन शिकून त्यांची साहेब म्हणून आले, तेव्हा माझं वय त्यांच्या नोकरीपेक्षा कमी होतं. पहिल्याच दिवशी मी ऐटीत विचारलं, "आप्पा, आपलं मनुष्यबळाचं धोरण काय आहे?"

"धोरण मालकांकडं असतंय, आक्का," ते म्हणाले. "माझ्याकडं जोड्या हायत."

त्या जोड्या म्हणजे काय ते पॉलिशिंगच्या खात्यात कळलं. तिथे विठ्ठल होता, वडगावचा विणकर. घरच्या यंत्रमागांच्या खडखडाटात त्याचे कान गेले, मग मागही गेले, आणि तो कारखान्यात आला. त्याच्या शेजारच्या चाकावर बसाप्पा. त्याची नजर अधू, पण चाकाचा आवाज जरा बदलला की तो विठ्ठलच्या खांद्यावर थाप मारायचा. उलट बसाप्पाच्या तुकड्यावर राहिलेला ओरखडा विठ्ठलचं बोट बरोबर शोधून काढायचं. "दोघं मिळून दोन न्हाईत, अडीच हायत," आप्पा म्हणायचे. "माणूस सुटा मोजायचा न्हाय, आक्का. लई चुकतंय."

एकदा आप्पा रजेवर असताना मी शहाणपणा केला. कामाच्या वेगाप्रमाणे नवी यादी लावली आणि दोघांची ताटातूट केली. दुपारपर्यंत एक पेटी माल नापास झाला आणि दोघंही तोंड फुगवून बसले. दुसऱ्या दिवशी आप्पांनी कागद वाचला, चष्मा पुसला आणि हसू दाबत म्हणाले, "बैल बदलून नांगराय गेलासा व्हय?" मालकांच्या कानावर मात्र त्यांनी काही जाऊ दिलं नाही. त्या दिवसापासून मी त्यांच्या मागे वहीत जोड्या टिपत हिंडू लागले. पुण्यातल्या दोन वर्षांत शिकले नव्हते एवढं त्या वर्षभरात शिकले.

मग मालकांनी कारखाना एका परदेशी कंपनीला विकला. रंग बदलला, पाटी बदलली, भिंतीवर पृथ्वीचा नकाशा लागला आणि त्यात मच्छेचा एक लाल ठिपका. कंपनीचे कारखाने सहा देशांत, आणि सगळीकडे माणूस मोजायचा तक्ता एकच. कामगाराचं नाव, पाचपैकी गुण, आणि शेवटी शेऱ्याचा एक चिंचोळा रकाना. शेरे स्थानिक अधिकाऱ्याने द्यायचे होते.

आप्पांना एवढा आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता. "माणसांबद्दल विचारलंय बघा त्यांनी! सायबाला कळाय पाहिजे कुणाला कसं सांभाळायचं ते." आठवडाभर बसून त्यांनी एकेका कामगाराबद्दल वहीत लिहिलं. कुणाचं काय दुखतं, कुणाला कोण शेजारी लागतो, सगळं. नव्या घरात लेक देताना आई तिच्या सवयी सांगते ना, तसं.

त्याचं इंग्रजी मी केलं. विठ्ठलबद्दल त्यांनी लिहिलं होतं, "कान कमी, शेजारी बसाप्पा पाहिजे. बोटाला डोळे हायत, ह्याला सोडू नये." रकान्यात एकच ओळ मावत होती. मी पहिलं वाक्य घेतलं: ऐकण्यात दोष, सोबत्याशिवाय काम करू शकत नाही. दुसरं गाळलं. बाकीच्यांचंही तेच केलं. तो तक्ता कशासाठी मागवला असेल, हा विचार मला सुचायला हवा होता. त्याचंच तर शिक्षण घेतलं होतं मी.

महिन्याभरात अकरा नावं आली. त्यात विठ्ठलचं होतं, बसाप्पाचं तेवढं सुटलं. स्वेच्छानिवृत्ती म्हणे, त्यात स्वेच्छा कुणाचीच नव्हती. वरच्या साहेबाने विठ्ठलला समोर बसवलं, त्याचा शेरा मराठीत टाइप केलेला कागद पुढे सरकवला. विठ्ठलने तो वाचला आणि वर बघून विचारलं, "हे कुणी लिवलं?"

मी शेजारच्याच खुर्चीत होते. आप्पा दाराशी उभे होते. त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

विठ्ठल निवृत्तीच्या कागदावर सही करून आप्पांच्या अंगावरून निघून गेला.

"आप्पा, मी सांगते त्यांना, गाळलं मी ते," मी बाहेर आल्यावर म्हणाले. ते म्हणाले, "तुमची नोकरी आता सुरू झालीया, माझी संपत आली. ऱ्हाऊ द्या." आणि मी राहू दिलं. खरं सांगते, त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज मला आजही वाटते.

पुढे आप्पांना वडगावात राहणं अवघड झालं. मुदतीआधीच राजीनामा देऊन ते गावी गेले. एकदा फोनवर म्हणाले, "निघायच्या आधी वडगावात च्या प्यायला गेलतो. माझ्या बाकावरनं सगळी उठली, आक्का." मी काहीतरी समजुतीचं बोलले. त्यांनी माझ्या बढतीची चौकशी केली.

त्याच वर्षी ते गेले. अंत्यसंस्काराला कारखान्यातून गाडीने मी आणि बसाप्पा असे दोघंच गेलो. त्या अकरांतलं कुणीही आलं नव्हतं. आप्पांच्या बायकोने पुन्हा पुन्हा रस्त्याकडे बघितलं, मग बघायची थांबली.

पंधरा दिवसांनी मी आप्पांची ती वही घेऊन वडगावला विठ्ठलच्या घरी गेले. तो आता दुसऱ्याच्या मागावर सुताच्या कांड्या भरतो. मी ते पान उघडून त्याच्या हातात दिलं, आणि खाली पेन्सिलीने लिहिलं: दुसरं वाक्य मी गाळलं. आप्पांनी माझं नाव सांगितलं नाही.

आप्पांचं अक्षर त्याच्या ओळखीचं होतं. त्याने ते पान दोनदा वाचलं. दुसऱ्या वाक्यावरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता हा मला शिव्या देईल, आणि मला त्या हव्याच होत्या. पण त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. पाणी घेऊन उभ्या असलेल्या बायकोकडे वळून, कान गेलेली माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात तो म्हणाला, "बसाप्पा बोलवाय आलता गं. गाडीत जागा बी हुती. मी दार लावून घेतलं. आप्पांच्या मातीला मी गेलो न्हाय."