पोपटीचा रस्सा

माझ्या पत्नीच्या पोपटीला मी एकदा विकतची दाद मिळवून दिली. त्या अपराधाची ही कबुली आहे.

दिवेआगरला आमच्या सुपारीच्या वाडीत पाहुण्यांसाठी तीन खोल्या आहेत. थंडीत पत्नी त्यांच्यासाठी पोपटी लावते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा आणि जाडे मीठ, पाण्याचा मात्र थेंबही नाही. मग मडके पालथे घालून भोवती झावळ्यांचा जाळ करायचा. गेल्या हिवाळ्यात मी पोपटीचे छायाचित्र आमच्या फेसबुकच्या पानावर टाकले. ते सात जणांना आवडले. त्यांत एक मी होतो. शेजाऱ्यांच्या नुसत्या झोपाळ्याच्या छायाचित्राला पसंतीचे तीनशे लाल बदाम पडलेले पाहून माझा विवेक ढळला. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांना मी गुपचूप पैसे दिले. दुसऱ्या दिवशी दोन हजार बदाम आणि चाळीसेक अभिप्राय येऊन पडले.

पत्नी हरखली. प्रत्येक अभिप्रायाखाली तिने लिहिले, ‘शनिवारी या. स्वेटर आणा.’ मग मला म्हणाली, “अहो, चाळीस माणसांची तयारी हवी. गोणीभर शेंगा आणि पाच मडकी आणा.”

“एवढे कुणी येत नाही गं.”

“माझ्या हातावर विश्वास नाही तुमचा.”

यावर मी खरे सांगायला हवे होते. मी शेंगा आणायला गेलो.

शनिवारी दुपारी आम्ही दोघे शेंगा धूत होतो. शेंगांबरोबर मडक्यात कोंबडीही घालायची तर ती किती जणांना चालेल याचा अंदाज घ्यावा म्हणून तिने चष्मा लावला आणि अभिप्राय पुन्हा वाचायला घेतले.

“‘रस्सा अप्रतिम.’ अहो, पोपटीला रस्सा कुठला?”

“चुकून लिहिलं असेल.”

“सोळा जणांनी? आणि फोटोत या बाईच्या कडेवरचं बाळ त्या खालच्या गृहस्थांच्याही कडेवर आहे.”

“जुळी असतील.”

“टोपीसुद्धा जुळी?”

तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. मी शेंगांकडे पाहत सारे सांगून टाकले. तिने चष्मा काढून ठेवला.

“मग खरे किती?”

“सात.”

“तुम्हाला धरून?”

“धरून.”

“म्हणजे सहा,” ती म्हणाली. “उठा. शेंगा भिजल्यात. घरोघर जा आणि चाळीस माणसं घेऊन या. का बोलावतोय तेही सांगा.”

मी गेलो. प्रत्येक दारात उभे राहून तीच कबुली दिली. सगळे ऐकून झोपाळ्याचे मालक म्हणाले, “येतो की. वाटी आणू का? रस्सा असेल ना.”

सूर्य मावळेपर्यंत वाडीत पस्तीस माणसे जमली. त्यांतल्या अकरा जणांच्या हातात वाट्या होत्या. पाचही मडकी रिकामी झाली. मला मात्र जेवताना मान वर करवली नाही.

त्या दिवशी तळा गावाहून पत्नीची थोरली बहीणही आली होती. दुसऱ्या दिवशी तिने आमच्या पानावर लिहिले, ‘शेंगा बऱ्या होत्या. मीठ कमी. चटई ओली.’

पत्नीने ते दोनदा वाचले आणि फोन माझ्यापुढे धरला.

“ही जेवली आहे,” ती म्हणाली. “हिला बदाम द्या. एकच.”