तांदळात ठेवलेले देव

दत्ताची आई गेली आणि तिचं तेरावं उरकलं, त्या दिवशी मी देवाशी बोलणं बंद केलं. माझं शिक्षण चौथीपर्यंत. श्रीगोंद्याकडं उभा जन्म साखर कारखान्याला उसाचा ट्रॅक्टर चालवण्यात गेला, त्यामुळे गोड बोलायला मला कधी जमलं नाही. देवालाही तोंडावर सांगितलं, की बाबा, तुझ्यापुढं दिवा लावल्याशिवाय ह्या बाईनं जन्मात पाण्याचा घोट घेतला नाही आणि तू तिला चार महिने अंथरुणात तळमळवून नेलंस. आता तुझं-माझं काही राहिलं नाही.

पण एक अडचण होती. जायच्या आधी तिनं माझा हात धरून सांगितलं होतं, "मी नसले तरी देवाला उपाशी ठिवू नका. तुमी लई रागीट हाय." मी हो म्हणून बसलो होतो. शब्द तर मोडायचा नाही आणि देवाचं तोंडही बघायचं नाही, म्हणून मी पळवाट काढली. आमच्याकडं घर बंद करून गावाला जायचं असलं की देव तांदळात ठेवतात. पूजा झाली नाही तरी देव उपाशी राहत नाहीत, अशी समजूत. मला कुठं जायचं नव्हतं. तरी चांदीच्या पत्र्यावर उठवलेले खंडोबाचा आणि देवीचा असे दोन टाक आणि पितळेचा बाळकृष्ण, असे तिघं मी स्टीलच्या डब्यात घातले, वरून गळ्यापर्यंत तांदूळ ओतला आणि झाकण दाबलं. म्हणालो, खा किती खायचं ते. शब्दही पाळला, रागही पाळला. लोकांनी विचारलं तर देव पुतण्याकडं दिलेत म्हणून ठोकून द्यायचो. असे आठ महिने गेले.

उन्हाळ्यात माझा पोरगा दत्ता बायकापोरांना घेऊन आला. तो जर्मनीत कंपनीत आहे. मी एकटा भाकरी करपवून खातो हे बघून त्यानं मला उचललंच आणि तिकडं नेलं. तिकडं पोरांना सुट्टी लागली होती, म्हणून सगळे मिळून इटलीचे डोंगर बघायला निघालो, तेही राहायच्या मोटारीतून. ती मोटार म्हणजे चाकावरची खोली. आत गादी, गॅसची शेगडी आणि शेगडीपासून अडीच हातावर संडास. मी म्हणालो, "दत्ता, ह्यात माणसानं जेवायचं का जायचं, एक काय ते ठरीव." रोज सकाळी तो संडासाची पेटी उचलून रिकामी करायला जायचा तेव्हा मला भरून यायचं. ह्याच्या शिक्षणापायी मी रात्रंदिवस ऊस ओढला होता.

बरोबर माझी दोन नातवंडं. सई नऊ वर्षांची, तिला प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं. अर्णव सहाचा, तो वळण आलं की ओकतो आणि त्या देशात वळणाशिवाय रस्ता नाही. आमच्याकडं डोंगरावर देव राहतो, माणसं खाली राहतात आणि वर्षातून एकदा धापा टाकत भेटायला जातात. तिथं अख्खं गावच डोंगराच्या टोकावर, दगडाला दगड चिकटवून बसवलेलं. बघण्यासारखं होतं, खोटं कशाला बोलू. पण "अवो, ते बघा की" म्हणून कोपर मारणारं शेजारी कोणी नव्हतं. एकट्यानं बघितलेलं पोटात उतरत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मोबाईलनं सांगितलं म्हणून दत्तानं मोटार एका गावाच्या बोळात घातली. बोळ पुढं पुढं निमुळता होत गेला आणि मोटार बाटलीच्या बुचासारखी अडकली. दारं उघडेनात. समोरच्या घरातून काळा झगा घातलेली, डोक्याला काळा रुमाल बांधलेली, माझ्याच वयाची एक म्हातारी झाडू घेऊन बाहेर आली आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. मी मागच्या खिडकीतून कसाबसा खाली उतरलो. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर मागं घेण्यात माझी हयात गेलेली. मी बाह्या सारल्या आणि ओरडायला लागलो, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे! डावीकडं मार! अरं, डावी कंची तुझी?" म्हातारीनं झाडू टाकला आणि आपल्या फुलांच्या कुंड्या भराभर बाजूला ओढल्या. ती तिच्या भाषेत मला शिव्या देत असावी, मी माझ्या भाषेत दत्ताला देत होतो, काम मात्र एकोप्यानं चाललं होतं. अर्ध्या तासात मोटार सुटली. सगळा गाव खिडक्यांतून टाळ्या वाजवत होता.

मग त्याच म्हातारीनं मातीचं मोठं वाडगं भरून टोमॅटो आणून दिले. मी तोपर्यंत पुढच्या सीटवर दम खात डोळे मिटून पडलो होतो. माझी सून प्राजक्ता केडगावची, माहेरचं वळण चांगलं. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे तिच्या हाडात बसलेलं. तिनं टोमॅटो काढून घेतले आणि वाडग्यात काहीतरी ठेवून ते परत दिलं. काय ठेवलं ते मी बघितलं नाही.

दुपारी दहा-पंधरा कोस पुढं एका झाडाखाली थांबलो. पोरांना वरण-भात हवा होता. प्राजक्ता मला म्हणाली, "दादा, तांदूळ संपला. शेवटचा डबा तसाच बंद त्या आजींना दिला. आपल्याच घरचा जुना तांदूळ होता, मी येताना मुद्दाम आणला होता."

"कंचा डबा?"

"तो स्टीलचा, झाकण चेपलेला. देव्हाऱ्याखालच्या फडताळातला. जड होता म्हणून चांगला चिकटपट्टी लावून आणला."

मी खाली गवतात बसलो आणि सगळं सांगून टाकलं. प्राजक्ता तोंडावर हात ठेवून रडायला लागली. दत्ता म्हणाला, "दादा, देव पुतण्याकडं दिलेत म्हणालात ना?"

"म्हणालो."

"आठ महिने डब्यात कोंडले? आईचे देव?"

तेवढ्यात सईनं विचारलं, "आबा, देव शिजले तर काय होतं?"

"मऊ होतात," अर्णव म्हणाला.

मोटार उलटी फिरवली. आता गंमत अशी, की त्या गावाचं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. मोबाईल सकाळी ज्या रस्त्यानं घेऊन गेला तो आता दाखवायला तयार नव्हता. समोर तीन डोंगर, तिन्हींवर गाव, तिन्ही गावांना तसलाच मनोरा. एकावर चढून आलो, ते नव्हतं. अर्णव दोनदा ओकला. मला डोळ्यापुढं दत्ताच्या आईचे हात दिसत होते. आठवड्यातून एकदा चिंचेनं ते टाक घासायची, पदरानं पुसायची, तान्ह्या लेकराला पुसावं तसं. तिच्या हातचं घरात दुसरं काय उरलं होतं? लुगडी वाटून टाकली, अंथरूण जाळलं. तिच्या बोटांनी झिजलेले तेवढे तीन देव होते आणि ते मी रागापायी परमुलखात भाताच्या पातेल्यात घातले. आठ महिन्यांनी मी पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणालो, खंडेराया, हरलो मी. काय राग काढायचा तो माझ्यावर काढ. पण ते देव तिचे आहेत, माझे नाहीत. तेवढे तिच्यासाठी परत दे.

पुढच्या वळणावर दत्तानं कचकन ब्रेक मारला. रस्ताभर मेंढरं. दोनेकशे तरी असतील, त्यांच्यामागं दोन पांढरी कुत्री आणि काठी घेतलेला एक धनगर. तिकडं त्याला काय म्हणतात ते म्हणोत, मला तो धनगरच दिसला. आमचा खंडोबा बाणाईसाठी मेंढरं राखत फिरला, हे आमच्याकडं पोरंसोरं जाणतात. तो माणूस मोटारीकडं बघत राहिला, मग माझ्याकडं बघितलं आणि एकदम हसायला लागला. काठी बगलेत मारून त्यानं दोन्ही हात वर केले आणि मी सकाळी केले होते तसे, येऊ दे, येऊ दे, म्हणून हलवले. सकाळी टाळ्या वाजवणाऱ्यांत हाही होता म्हणायचा. मी मोटारीतून उतरलो, हात जोडले, डोक्यावरून काळा पदर घेतल्याची खूण केली. त्यानं काठीनं तिसरा डोंगर दाखवला. देव असा वेष घेऊन येतो, असं मी म्हणत नाही. घडलं ते सांगतो.

मोटार खालीच लावली आणि चढ पायी चढलो. छातीचा भाता झाला होता. म्हातारीचं दार उघडं होतं आणि आतून भात शिजल्याचा वास येत होता. मी उंबऱ्यावरच थांबलो, आत जायची हिंमत होईना. तिनं मला बघितलं, काहीतरी रागावून बोलली आणि मनगट धरून सरळ आत ओढून नेलं.

कोपऱ्यात भिंतीवर तिच्या देवीची तसबीर होती, बाळ कडेवर घेतलेली. शेजारी मिशाळ म्हाताऱ्याचा फोटो, तिचा नवरा असणार. खाली फळीवर विणलेला पांढरा रुमाल, त्यावर बशी, आणि बशीत माझे तिघंही. धुतलेले, पुसलेले, पुढं कुंडीतलं एक लाल फूल आणि काचेत तेवणारा बारका दिवा. ते टाक आठ महिन्यांत एवढे चकचकीत मी बघितले नव्हते. बघणार कसे?

सईनं बापाच्या मोबाईलपुढं म्हातारीला बोलायला लावलं आणि मोबाईल मराठीत बोलला. तांदूळ धुताना हाताला लागले, म्हणाली. एवढी जपलेली वस्तू विसरली म्हणजे माणसं परत येणारच, म्हणून भात पाच जणांचा जास्त टाकला. उशीर का केला?

"एवढी जपलेली" ऐकलं आणि माझा बांध फुटला. दत्ताची आई गेली तेव्हा मी रडलो नव्हतो, शिव्या दिल्या होत्या. आता परक्या मुलखात, परक्या बाईच्या स्वयंपाकघरात, सुनेदेखत हुंदके देऊन रडलो. म्हातारीनं मिशाळ फोटोकडं बोट केलं, मग, तुझीही गेली का, अशी माझ्याकडं भुवई उडवली. मी मान हलवली. तिनं एक सुस्कारा टाकला, माझ्या पाठीत चांगली धपकन थाप मारली आणि खुर्चीकडं बोट दाखवून ओरडली. "बसा आणि गिळा" हे कुठल्याही भाषेत कळतं.

पण मी आधी बशी मागितली. एक घास खंडोबापुढं ठेवला, एक देवीपुढं, एक बाळकृष्णाला. मग वाटलं, घर जिचं आहे तिला सोडून कसं चालेल, म्हणून एक घास तसबिरीतल्या तिच्या देवीलाही ठेवला. म्हातारी कमरेवर हात देऊन बघत होती, तिलाही डोळे पुसावे लागले. मग सगळे जेवलो. टोमॅटोतला भात, पार खिमट झालेला, वर किसलेलं कसलंसं चीज. दत्ताच्या आईनं असा भात म्हशीला घातला असता. मी तीनदा मागून घेतला.

निघताना म्हातारीनं देव त्या विणलेल्या रुमालात बांधून माझ्या दोन्ही हातांत दिले. मी तिच्या पाया पडायला वाकलो तर तिनं खांद्याला धरून उभं केलं आणि दोन्ही गालांचा मुका घेतला. पोरं हसून लोळली. दत्तानं मोबाईल बघण्याच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

आता मी गावी परत आलो आहे. मी देवाला कोंडलं, असं समजत होतो. त्याला झाकण काय आणि समुद्र काय. मी दार लावून घेतलं तर ज्या बाईला त्याचं नावही ठाऊक नाही तिच्या हातून त्यानं अंघोळ करून घेतली, फूल घेतलं, दिवा घेतला आणि मग मलाच तिथं बोलावून जेवू घातलं. माझ्यावाचून त्याचं काही अडलं नव्हतं. अडलं होतं ते माझं. त्या माऊलीचं नावही मी विचारलं नाही, पण रोज तिच्यासाठी हात जोडतो.

दत्ताची आई का नेली, ह्याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही आणि माझा राग सगळा गेला असंही नाही. मला आरती धड येत नाही, मंत्र येत नाहीत. सकाळी अंघोळ करून दिवा लावतो आणि पुढ्यात बसतो. विहिरीचं पाणी किती राहिलं ते सांगतो, तिची आठवण आली तर तेही सांगतो. एखाद्या दिवशी भांडतोसुद्धा. पण आता भांडतो ते समोर बसून, त्याच्या तोंडाकडं बघून. आणि मग चहा घेतो.