चमत्काराचं भाषण

हृदयरोगाच्या त्या मोठ्या रुग्णालयात तिला सगळे 'चमत्कार' म्हणत. जन्मली तेव्हा तिच्या हृदयाचा डावा भाग जवळपास नव्हताच. पाच वर्षांची होईपर्यंत तीन ऑपरेशनं झाली, ती जगली, आणि तेव्हापासून वार्षिक समारंभात तिला दरवर्षी मंचावर उभं करायची रीत पडली. मोठे डॉक्टर तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत, "हे हृदय मी उभं केलंय." लोक टाळ्या वाजवत. खांद्याच्या वरच्या भागाची चौकशी कोणी करत नसे.

त्या भागाची ख्याती शाळेत होती. "वही काढा, तारीख घाला, सातवा धडा उघडा," असं बाईंनी एका दमात सांगितलं, की ही वही काढून स्वस्थ बसायची. पुढचं सगळं हवेत विरलेलं असायचं. गणित समजायचं, पण पायऱ्यांचा क्रम उलटासुलटा व्हायचा. बाई म्हणत, लक्ष नाही. मामा म्हणे, लाडावून ठेवलीय. आईनं मोठ्या डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, "हृदय उत्तम चाललंय. डोक्याचं डोकंवाल्यांना विचारा." डोकंवाल्यांनी फाइलीची जाडी पाहिली आणि म्हणाले, "ही तर हृदयाची केस." दोन्ही विभागांच्या मध्ये चार जिने होते. आई ते कित्येक वर्षं चढली-उतरली. त्यामुळे आईचं हृदय मात्र ठणठणीत राहिलं.

शेवटी आईचाही धीर सुटला. प्रगतिपुस्तक हातात पडलं की चार धपाटे बसायचे आणि मग दोघी रडायच्या. पोरगी मठ्ठ आहे, यावर घरादाराचं एकमत झालं. तिचंही झालं.

शाळा कशीबशी संपवून ती एका हॉटेलच्या लॉन्ड्रीत लागली. मुकादमबाई पाच कामं एका श्वासात सांगायच्या. ही शांतपणे म्हणायची, "एकेक सांगा." मुकादमबाईंना तो उद्धटपणा वाटायचा. पण तिनं घडी घातलेल्या चादरींच्या कडा जुळायच्या, म्हणून त्या गप्प बसत.

सव्विसाव्या वर्षी रुग्णालयातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिला बोलावलं. लहानपणी हृदयाची ऑपरेशनं झालेल्यांवर त्यांचा अभ्यास चालू होता. तीन तास त्यांनी तिच्याकडून ठोकळे रचून घेतले, आकडे उलटे म्हणवून घेतले. मग म्हणाल्या, "तू मठ्ठ नाहीस गं. असं हृदय असलं की पोटात असल्यापासून मेंदूला ऑक्सिजन कमी मिळू शकतो. मेंदूची वाढ जरा मागे पडते. त्यात लहानपणीच एवढी मोठी ऑपरेशनं. अशा बऱ्याच मुलांना लक्ष टिकवणं, कामांचा क्रम लावणं जड जातं. लवकर कळलं तर पुष्कळ मदत करता येते."

"हे तुम्हा लोकांना कधीपासून माहीत आहे?"

"बरीच वर्षं झाली."

"मग आईला कोणी सांगितलं का नाही?"

"मोठ्या सरांना वाटतं, आईबाप उगाच घाबरतात."

तिनं समोरचे ठोकळे एकेक करून डब्यात भरले. "घाबरली असती," ती म्हणाली, "पण मारलं नसतं तिनं."

त्या वर्षीच्या समारंभाला जनसंपर्क कार्यालयानं तिला दोन पानी भाषण लिहून दिलं. त्यात 'नवसंजीवनी' हा शब्द चार वेळा होता. दुसऱ्या परिच्छेदात ती अडखळली, तिनं कागद खाली ठेवला आणि लॉन्ड्रीत बोलते तसं बोलली.

"हृदय छान चालतंय. त्याबद्दल आभार. पण मला तीन कामं एकदम सांगितली तर दोन निसटतात. तो आळस नाही. तुमच्या मुलांचंही असं होऊ शकतं. सगळ्यांचं होतंच असं नाही. पण तपासून घ्या, आणि शाळेत सांगा."

मोठ्या डॉक्टरांनी माइक ओढून घेतला. "बघा, किती विनोदी आहे आमचा चमत्कार." मग टाळ्या पडल्या, कारण त्या पडायच्याच होत्या.

रुग्णालयानं ताबडतोब एक समिती नेमली. पहिल्या बैठकीत दुसरी बैठक घ्यायचं ठरलं. पुढच्या वर्षी मंचावर नवा चमत्कार आला, वय वर्षं दीड. तो बोलत नव्हता, हा त्याचा मोठा गुण.

पण तिच्या भाषणानंतरच्याच सोमवारी एक बाई तीन वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन लॉन्ड्रीच्या मागच्या दारी आल्या. "त्या दिवशी बोललात, ते परत सांगाल? लिहून घ्यायचंय."

"सांगते. मध्ये तोडू नका, नाहीतर निसटेल."

तिनं तरुण डॉक्टरीणबाईंचा पत्ताही दिला. त्या आठवड्यात आणखी दोघीजणी आल्या, महिन्याभरात नऊ. डॉक्टरीणबाई शनिवारी दुपारी आपल्याच खोलीत मुलांना तपासू लागल्या. समितीला याची कल्पना नव्हती, म्हणून काम सुरळीत चाललं.

आईला तिनं सगळं सांगितलं. रात्री जेवताना आई म्हणाली, "पाणी घे." मग थांबली. तिनं पाणी घेतल्यावर म्हणाली, "आता ताट पुढे कर."