किरिस्ताव म्हणजे इंग्रजी येणारा

आई आणि बा दोघंही पेणच्या खाडीकडल्या मिठागरावर कामाला जायचे. दिवसभर खाऱ्या पाण्यात उभं राहून त्यांच्या टाचांना चिरा पडायच्या आणि चिरांत मीठ भरायचं. पावसाळ्यात मिठागर बंद, तेव्हा दुसऱ्याच्या शेतावर लावणी. आमच्या घरात छापलेला कागद यायचा तो वाण्याच्या पुडीचा. तोच सरळ करून मी वाचायचे.

आमच्या आळीत 'किरिस्ताव' हा शब्द रोज ऐकू यायचा. किरिस्ताव माणूस मात्र कुणी पाहिला नव्हता. टिकली न लावता नळावर गेलं की बायका म्हणायच्या, "कपाळ भुंडं ठेवून चाललीस ती, किरिस्तावीन झालीस काय गो?" चहात पाव बुडवला तरी किरिस्ताव. इंग्रजी शब्द तोंडातून निघाला तर मग पक्का किरिस्ताव.

कॉलेजात गेले तेव्हा खरीखुरी ख्रिश्चन मुलगी पहिल्यांदा भेटली. रोह्याहून गाडीने यायची. इंग्रजीच्या मॅडम धडा वाचायला तिलाच उठवायच्या आणि ती न अडखळता वाचायची. मी उठले की मागच्या बाकावर खसखस पिकायची. इंग्रजी विषय घेऊन पदवी मिळवायची हा माझा हट्ट होता, आणि पहिल्याच सहामाहीत मी इंग्रजीत नापास झाले. ती पहिली. तिचा एवढा राग यायचा की तिने डब्यातलं पुढे केलं तरी मी भूक नाही म्हणायचे.

घरी येऊन आईला म्हटलं, "तिला येणारच. किरिस्ताव हाय ती, जन्मताच इंग्रजी घेऊन आलीय."

आई म्हणाली, "व्हय गो! आणि मी जन्मताच मीठ ओढायला लागले."

दुसऱ्या वर्षी परीक्षेच्या आधी त्या मुलीने मला अभ्यासाला घरी बोलावलं. मी गेले ती अभ्यासाला नाही, तिचं घर बघायला. दोन खोल्या. तिच्या आईने तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण वाढलं. वडील डोलवीला कंपनीत कंत्राटावर होते. ते शिफ्टवरून आले, हातपाय धुतले आणि बायबल उघडून मोठ्याने वाचायला बसले. मराठीत.

माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, इंग्रजीत नाय वाचत?"

घरभर हशा पिकला. काका म्हणाले, "इंग्रजीत वाचलं तर देवाला कळेल पोरी, आमाला नाय कळायचं!"

"किरिस्ताव म्हणजे साहेब वाटला काय गो तुला?" काकांच्या पोरीने माझ्या पाठीत धपाटा घातला. "ख्रिस्ताला मानतो, म्हणून ख्रिश्चन. बाकी तुझं माझं सारखंच."

मग तिने तिची युक्ती दाखवली. एका बाजूला मराठी बायबल, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. दोन्हीत वचनांचे आकडे तेच. शाळेत असल्यापासून ती आकडा आकड्याला लावून वाचत आली होती. आता तर माझा जास्तच जळफळाट झाला. तिच्या घरात रोज मोठ्याने वाचणारा बाप होता. माझा बा अंगठा उठवायचा.

तरी लाज गिळून मी दोन्ही पुस्तकं मागितली. जुन्या प्रती तिने लगेच दिल्या. मी ओट्यावर बसून रोज मोठ्याने वाचायला लागले. शेजारीण आईला म्हणाली, "पोरगी किरिस्ताव झाली गो तुझी!"

आई म्हणाली, "तिला इंग्रजी येऊ दे, मग तू काय म्हणशील ते म्हण."

शेवटच्या वर्षी इंग्रजीत ती पहिली आली, मी दुसरी. तिचं नाव माझ्या वर बघून पोटात दुखलं, खोटं कशाला बोलू? पण मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली पदवी माझी.