जनरेटर ओढायला गाडी घेतली तेव्हा

आमचा केजला मंडपाचा धंदा आहे. लग्नाची तीथ नसली की आम्ही गोडाऊनमध्ये गुंडाळलेल्या सतरंज्यांवर बसतो, आणि बसलं की बोलणं आलंच. मंडपवाल्याकडं किस्से बांबूंसारखे साठतात. कोपऱ्यात पडून असतात, आणि एक ओढायला गेलं की चार घरंगळत पायावर येतात. गेल्या हंगामात आम्ही पिकअप घेतली. त्या एका गाडीचे एवढे किस्से झालेत की गिऱ्हाईक आलं तरी अंकुश आधी ते ऐकवतो आणि मग मंडपाचं बोलतो. अंकुश म्हणजे माझा चुलतभाऊ, धंद्यातला पार्टनर. त्याच्या बहुतेक किश्श्यांत येडा मीच असतो. त्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

*

आमची जुनी पिकअप नांदूरघाटकडच्या चढावर गेली. गेली म्हणजे तिकडं पोचली असं नाही. संपली.

आत मंडपाचं सामान, मागं हूकला दोन चाकांच्या ट्रॉलीवरचं आमचं जनरेटर. अर्धा चढ झाला आणि क्लचप्लेट जळाल्याचा वास आला. गाडी थांबली. मग हळूच मागं सरकायला लागली. अंकुशनं उडी मारून चाकामागं दगड लावले. मी ब्रेकवर दोन्ही पाय देऊन उभाच राहिलो, जशी काय गाडी माझ्याच पायांवर थांबली होती.

तेवढ्यात मेंढरं घेऊन एक म्हातारबा आले. काठीवर हनुवटी टेकून त्यांनी आधी आमची गाडी बघितली, मग जनरेटर बघितलं, मग परत गाडी.

"पाव्हणं, एक इचारू का?"

"इचारा की."

"ह्यातलं कोण कोणाला वढतंय?"

शेवटी एक ट्रॅक्टर मिळाला आणि त्यानं दोघांनाही ओढून नेलं. लग्नघरी पोचलो तर गावातली लाइट सकाळपासून गेलेली. भटजींनी सगळ्या मंगलाष्टका माइकशिवाय म्हटल्या होत्या. आम्हाला बघून त्यांनी नुसतं गळ्याकडं बोट दाखवलं. बोलायला आवाजच उरला नव्हता. नवरीचे वडील मात्र शांतपणे म्हणाले, "धाकटीच्या लग्नाला नक्की या. पाव्हणे म्हणून या. मंडप आमी दुसऱ्याचा सांगू."

सोळा वर्षांच्या धंद्यात असं कोणी म्हटलं नव्हतं. परतताना केज दिसायला लागल्यावर अंकुश म्हणाला, "नवी गाडी घ्यायची. डिझेलच."

आणि मी म्हणालो, "गॅसवर घ्यायची. स्वस्त पडती."

पुढचं सगळं इथून सुरू झालं.

*

मला वाहनातलं कळतं असा माझा समज होता. तो मोबाइलमुळं झालेला. पंधरा दिवस मी गाड्यांचे व्हिडिओ बघत होतो, जेवतानासुद्धा. बायको, सुनंदा, म्हणाली, "आवं, भाकरी संपली. बोटं चावताय तुमी."

सोळाव्या दिवशी मी शब्बीरभाईंच्या गॅरेजवर गेलो. आमच्या गाडीची गेली दहा वर्षं तेच देखभाल करतात. तिथं चार माणसं बसलेली. मी टॉर्क ह्या विषयावर बोलायला लागलो. गॅसच्या गाडीला टॉर्क किती, डिझेलला किती, पॉवर कशी असते. शब्बीरभाई एका गाडीखाली आडवे होते. ते तिथूनच म्हणाले, "शेठ, टॉर्क म्हंजी काय?"

"ताकद."

"आन् पॉवर म्हंजी?"

"ती बी ताकदच."

"मग एका गाडीला दोन दोन ताकदी कायला पायजेत?"

मी म्हणालो, ते तांत्रिक आहे. शब्बीरभाई बाहेर आले, हात पुसले. "बैल असतेत ना, तसंय. रुतलेली गाडी जाग्यावरून हलवती ती टॉर्क. हललेली गाडी पळवती ती पॉवर. तुमाला वढायचंय, म्हंजी पैली लागती. डिझेलात ती जादा असती."

"आणि माझ्यात?" मी आपलं हसण्यावारी नेलं.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि परत गाडीखाली गेले.

*

शोरूमवाल्यानं विचारलं, "सर, ट्रॉलीचं वजन किती?"

मी म्हणालो, "असंल सातआठशे किलो." तो म्हणाला, असंल चालत नाही, नक्की सांगा, त्याच्यावर सगळं आहे.

माजलगावला एका लग्नाचं सामान न्यायचंच होतं. भावकीतला ट्रॅक्टर जोडून जनरेटर सोबत घेतलं आणि कारखान्याच्या रस्त्यावरच्या एका खाजगी वजनकाट्यावर गेलो. उसाचे दिवस. पुढं उसाच्या ट्रॉल्या, मागं उसाच्या ट्रॉल्या, मधे आम्ही. दोन तास उन्हात उभे. मागचा ड्रायव्हर उतरून विचारून गेला, "हे कोणत्या जातीचं बेणं हाय?"

नंबर आला. ट्रॅक्टर सोडून एकटी ट्रॉली काट्यावर ठेवली. वजन निघालं सोळाशे सत्तर किलो. अंकुश माझ्याकडं बघत होता आणि मी आभाळाकडं. मग लक्षात आलं की दांडा धरून अंकुश स्वतः काट्यावरच उभा आहे. मला लई आनंद झाला. म्हटलं, "ह्यात तूबी हाईस, बे! खाली उतर."

तो उतरला. सोळाशे झालं. माझा अंदाज तरी बरोबर निम्मा होता.

काट्यावरच्या माणसाच्या मशीनमधे जनरेटर हा माल नव्हता. त्यानं दोनदा शोधलं, मग नेहमीचं बटण दाबलं. चिठ्ठी घेऊन शोरूमला गेलो. सेल्समननं ती नीट वाचली आणि अदबीनं म्हणाला, "सर, ऊसच न्यायचा असेल तर ट्रॅक्टर बघा ना."

*

तरी मी गॅस सोडला नाही. गॅसच्या गाडीची ट्रायल मागितली. ट्रायलच्या गाडीला ट्रॉली जोडायची नाही असा शोरूमचा नियम. रिकामी गाडी मी गावाबाहेरच्या चढावर नेली. हरणासारखी गेली. मी अंकुशला म्हटलं, "बघ."

अंकुश म्हणाला, "रिकामं तर मीबी पळतो. वजन घाल."

वजन कुठून आणायचं? तेवढ्यात फाट्यावर सुनंदाच्या बचत गटाच्या बाया दिसल्या. मीटिंगला निघालेल्या आणि अर्ध्या तासापासून जीप मिळत नव्हती. अकरा जणी. मी म्हटलं, बसा मागं, सोडतो. सेल्समन नको नको म्हणत होता, पण अकरा बायांपुढं त्याचं काय चालणार? गाडी परत चढाला लागली.

गाडी चढली नाही असं मी म्हणणार नाही. पहिल्या गिअरमधे, इंजिन ओरडत, चढत होती. बाजूनं एक सायकलवाला सायकल हातात धरून चालत होता. तो आमच्या पुढं गेला. मी बोलणं चालूच ठेवलं, मायलेज वगैरे. मग मागच्या काचेवर टकटक झाली. सुनंदा होती.

"आवं, आमी उतरून पुढं व्हावं का? मीटिंग चालू व्हईल."

*

सुनंदानंच मग सुचवलं की घ्यायच्या आधी एकदा गॅसच्या लायनीत उभं राहून बघा. तिच्या भावाकडं गॅसवर चालणारी कार आहे. ती घेऊन मी पंपावर गेलो. लाइन एवढी लांब की पंप दिसत नव्हता, नुसती त्याची पाटी दिसत होती.

पण मला लाइन आवडली. पुढच्या गाडीत एक मास्तर होते, त्यांच्याशी ओळख निघाली. मागचा एक जण शेंगा घेऊन आला. तिसऱ्या तासाला मास्तर म्हणाले, मुलीचं लग्न काढलंय. मी तिथंच मंडपाची ऑर्डर पक्की केली. गॅस भरून गोडाऊनला आलो ते विजयी वीरासारखा. अंकुशला म्हटलं, "लाइन लाइन म्हणून नावं ठेवतोस. अरे, लाइन म्हंजी धंदा हाय."

अंकुश दोऱ्या गुंडाळत होता. न बघता म्हणाला, "मग गाडी कावून घ्यायची? तू आपला खुर्ची घेऊन तिथंच बस रोज."

*

हसण्यावारी चाललं होतं ते एक दिवस बिघडलं. एका गिऱ्हाइकासमोर मी अंकुशला म्हणालो, "तुला गाडीतलं काय कळतं?" गिऱ्हाईक गेल्यावर तो म्हणाला, "मला कळत न्हाई तर वाटणी करू. तू तुझा गॅस घे, मी माझं डिझेल घेतो."

मीही म्हणालो, करू. सोळा वर्षं एका ताटात जेवलेली माणसं आम्ही. पण त्या दिवशी खरंच सतरंज्यांचे दोन ढीग केले. खुर्च्या मोजल्या. आठ दिवस एकमेकांशी बोललो नाही. काही सांगायचं असलं की सुनंदाला सांगायचं, तिनं पलीकडं सांगायचं. तीन पावलांवरून. आठव्या दिवशी ती वैतागली. दोघांच्या मधे उभी राहून म्हणाली, "सगळं वाटलं. जनरेटर एकच हाय. त्याचं मुंडकं कोण घेतो आन् शेपूट कोण, तेवढं ठरवा."

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या लग्नात मांडवाचे खड्डे अंकुशनं एकट्यानं खणले होते ते आठवलं. ठरवलं, मरू दे गॅस.

सकाळी अंकुशचा निरोप आला की शोरूमला ये. गेलो. सेल्समननं फॉर्म काढला आणि विचारलं, "मग काय ठरलं?"

मी म्हणालो, "डिझेल."

त्याच वेळी अंकुश म्हणाला, "गॅस."

आम्ही एकमेकांकडं बघितलं. तो म्हणाला, "दादा, तुला गॅस पायजे ना? गॅसच घ्यायचा." मी म्हणालो, "तुझं बरोबर हाय. चढाला डिझेलच पायजे." तो म्हणाला, "चढ काय रोज असतो व्हय?" मी म्हणालो, "आरं, लाइन किती असती तुला ठावं हाय का? मी उभा राहिलतो." आवाज चढले. आठ दिवसांपूर्वी मी जे बोललो ते तो माझ्या तोंडावर फेकत होता आणि मी त्याचं त्याला. सेल्समन उठला, डबा खाऊन आला, तरी आमचं चालूच.

शेवटी तो म्हणाला, "सर, गॅसची गाडी अजून दोन महिने येणार नाही. डिझेलची एकच आहे, बाहेर उभी."

"हे आदी कावून सांगितलं न्हाई?" आम्ही दोघंही एकदम म्हणालो.

"पहिल्या दिवसापासून सांगतोय, सर. तुम्ही बोलू देत नव्हता."

*

पहिली ऑर्डर डोंगरपट्ट्यातल्या एका गावची होती, दुपारचं लग्न. वाटेत चांगला दोन किलोमीटरचा चढ. सामान आदल्या दिवशीच वर गेलेलं, फक्त जनरेटर न्यायचं होतं. मी पिकअपमधे, आणि मागं मोटारसायकलवर अंकुश, ट्रॉलीवर नजर ठेवायला.

चढाच्या पायथ्याला एक हॉटेल आहे. तिथं थांबलो. अंकुश म्हणाला, "ट्रॉलीच्या टायरीत हवा कमी वाटती. हूक काढून बघतो जरा." मी म्हटलं बघ, आणि चहा मागवला. हॉटेलवाल्यानं नवी गाडी का म्हणून विचारलं. मग काय, मी त्याला हॉटेलात नेऊन टॉर्क आणि पॉवर समजावून सांगायला लागलो. बैलांच्या उदाहरणासकट.

तेवढ्यात नवरीच्या वडिलांचा फोन आला. लाइट गेली होती, कुठवर आलात म्हणून विचारत होते. मी कप ठेवला, गाडीत बसलो आणि निघालो.

आणि चढ लागला. काय सांगू. दुसरा गिअर, तिसरा गिअर. वळणावर एक टेम्पो मागं टाकला. पायाखाली गाडी नुसती उड्या मारत होती. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं राहिलं. एका हातानं मी शब्बीरभाईंना फोन लावला. म्हटलं, "भाई, मानलं तुमाला. डिझेल ते डिझेल. मागं काय हाय का न्हाई ते कळत बी न्हाई."

मांडवापाशी जाऊन हॉर्न वाजवला. पन्नासएक माणसं गोळा झाली. भटजी बाहेर आले. नवरीचे वडील गाडीला वळसा घालून मागं गेले आणि तिकडंच उभे राहिले. तेवढ्यात अंकुशचा फोन आला.

"दादा, चढलास का?"

"चढलो! काय गाडी हाय राव. लोडच जाणवत न्हाई."

"जाणवंल कसा," अंकुश म्हणाला. "मी हितं हाटेलापशी जनरेटरवर बसलोय."